जिंगल बेल्सच्या आधीचा नाताळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ठरलेला वाद सुरू होतो. शाळेने छोट्या शिशूच्या मुलांना लाल टोप्या घालून ‘जिंगल बेल्स’वर नाचवायचं ठरवलेलं असतं. कुणीतरी विचारतं, हे आपल्या संस्कृतीत बसतं का? दुसरं कुणीतरी लगेच बजावतं, संगीताला धर्म नसतो. मग पहिला गट पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनपर्यंत, म्हणजे गोव्यातल्या त्यांच्या धर्मन्यायालयापर्यंत, जातो, दुसरा ‘वसुधैव कुटुंबकम्’पर्यंत, आणि थर्टी फर्स्टच्या जेवणाचे बेत सुरू झाले की दोन्ही गट एकाच टेबलावर येतात. या भांडणात मला सर्वांत खटकते ती दोघांची एकवाक्यता. नाताळचं गाणं म्हणजे इंग्रजी गाणं, बाहेरून आलेलं, हे दोघेही धरून चालतात. एकाला त्याला हाकलायचं असतं, दुसऱ्याला त्याचा पाहुणचार करायचा असतो. माझं म्हणणं असं की नाताळचं गाणं मराठीत चारशे वर्षं आहे. ते मराठी शाळेत आणि मराठी घरात ऐकलं जावं, गायलं जावं. आणि ज्यांना मराठीची खरोखर काळजी आहे त्यांनी तर ते सगळ्यांच्या आधी मागायला हवं.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 साली मरेपर्यंत तिकडचाच होऊन राहिला, त्यातला बराच काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापलं गेलं. परंपरेने मानलेलं 1608 हे जन्मसाल धरलं, तर देहूला तुकोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी भाषादिनाच्या भाषणांत हमखास येते. ती एका पाद्र्याने येशूची कथा सांगायला बसताना लिहिली, हे सांगायचं पुष्कळदा राहून जातं. हा ग्रंथ कशासाठी लिहिला तेही ग्रंथातच आलं आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याकडे मागणं मागतो: जुनी पुराणं आमच्याकडून गेली, त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. मोठं मार्मिक मागणं आहे हे. धर्म बदलला तरी चार माणसांत बसून कथा ऐकायची सवय सुटत नाही, आणि कानाला लागलेला छंद तर मुळीच नाही. स्टीफन्सला ते उमगलं. त्याने लॅटिन स्तोत्रं पाठ करून घेण्यावर भागवलं नाही. ज्ञानदेव-एकनाथांची ओवी उचलली, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि बेथलेहेमचा जन्म पुराणाच्या थाटात सांगितला. छपाईसाठी देवनागरीचे खिळे नसल्यामुळे हे मराठी रोमन लिपीत छापावं लागलं. गोव्यातले ख्रिस्ती ते पिढ्यान् पिढ्या गात राहिले. 1907 साली मंगळुरात जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं, आणि देवनागरीत यायला मात्र 1956 उजाडलं, तेही पुण्यात, शांताराम बंडेलूंच्या हातून. म्हणजे घाटावरच्या सामान्य वाचकाला आपल्याच भाषेतला हा नाताळ तीनशे चाळीस वर्षं उशिरा वाचायला मिळाला. घाटावर त्याला बंदी नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

गोवा सोडून नगर जिल्ह्यात या, तर तिथे आणखी वेगळा आवाज ऐकू येतो. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 साली सुरू झालं, नगरला 1831 साली. मिशनबरोबर प्रॉटेस्टंट चर्चची इंग्रजी स्तोत्रं आली, त्यांची मराठी भाषांतरं झाली, आणि ती भाषांतरं बरीचशी तशीच होती जशी परक्या चालीवर शब्द बसवताना होतात: ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, अर्थाची ओढाताण. कोंडी फोडली ती नारायण वामन टिळकांनी. कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन 1895 साली ख्रिस्ती झाला. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःबद्दल म्हणत. पुढे त्यांनी शेकडो भजनं लिहिली, अभंगाच्या अंगाने जाणारी, आणि ख्रिस्ती कीर्तनं केली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की आजही टिळक भेटतात. हेच टिळक आपल्याला शाळेत भेटले होते, पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीच्या कवितेत. त्यांची पक्षीण पाठ्यपुस्तकात आली, त्यांचं भजन चर्चच्या कुंपणाआड राहिलं. एका कवीची ही वाटणी कुणी आणि कोणत्या निकषावर केली?

आणि ही भजनं गाणारं तोंड कुणाचं असतं तेही पाहायला हवं. नगर-मराठवाड्याच्या खेड्यांतले ख्रिस्ती बहुतांशी महार-मांग समाजांतून आलेले. ज्यांच्या घरात हलगी, ढोलकी, सनई पिढ्यान् पिढ्या होती, त्यांनीच डिसेंबरात ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन येशूजन्माची भजनं म्हटली. गावाने ज्याच्या वाजवण्यावर आपली लग्नं लावली, पण ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याच माणसाच्या नातवाला आज शहरातल्या फ्लॅटमधून सांगायचं, की तुझं गाणं बाहेरचं? यापेक्षा ‘जिंगल बेल्स’वर नाचणारा शिशुवर्ग परवडला.

त्या गाण्याचंही एकदा पाहून घेऊ, कारण त्याचीच धास्ती सर्वांत जास्त घेतली जाते. जेम्स पिअरपॉंट या अमेरिकनाने ते 1857 साली प्रसिद्ध केलं. त्यात येशू नाही, मेरी नाही, तारा नाही, नाताळचा उल्लेखसुद्धा नाही. घोडा जोडलेली बर्फावरची घसरगाडी आहे, थोडी मौज आहे, एक आपटी आहे. दर डिसेंबरात मॉलमध्ये ऐकू येणारं दुसरं मोठं गाणं, ‘व्हाइट ख्रिसमस’, लिहिलं आयर्विंग बर्लिन यांनी, जे रशियातून अमेरिकेत गेलेल्या एका ज्यू कुटुंबातले. 1942 सालच्या त्याच्या ध्वनिमुद्रणात गायक बिंग क्रॉस्बी आठवण काढतो ती बर्फाची. या गाण्यांनी कुणाचं धर्मांतर होईल ही भीती बाळगणाऱ्याने ती एकदा शब्द लावून ऐकावीत. त्यांचा धर्म कोणता असेल तर तो खरेदीचा आहे, आणि त्याची दीक्षा आपण दिवाळीतच घेतलेली असते.

आता विरोधकांच्या हातात जे खरोखर वजनदार आहे त्याकडे येतो. गोव्यात इन्क्विझिशन 1560 साली आलं आणि 1812 साली गेलं, मधली काही वर्षं सोडता. देवळं पडली. 1684 साली व्हाइसरॉयने फर्मान काढून कोकणी बोलणाऱ्यांना तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करायला सांगितलं. 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानात तर लग्नात ओव्या म्हणायला बंदी होती आणि अंगणात तुळस लावायलाही. ज्याला हा इतिहास ठाऊक आहे त्याला चर्चचा सूर निरागस वाटत नसेल, तर मी त्याला संकुचित म्हणणार नाही. सत्तेबरोबर आलेलं संगीत सत्तेचा वास घेऊन येतं. ‘संगीताला सीमा नसतात’ असं म्हणणारे ही जखम एका वाक्यात पुसू पाहतात, हा त्यांचा उद्धटपणाच आहे.

पण त्या फर्मानांचा बडगा कुणावर होता? ओव्या म्हणू नका, तुळस लावू नका, हे मुख्यतः बजावलं गेलं ते गोव्यातल्या ख्रिस्ती झालेल्या माणसांना. बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी जात्यावरची ओवी सोडली नव्हती, हाच त्यांचा गुन्हा. 1616 साली ज्या ओवीत येशूची कथा गायली गेली, तीच ओवी एकशेवीस वर्षांनी त्याच चर्चला संशयास्पद वाटू लागली. म्हणजे इन्क्विझिशनने ज्यांचं गाणं परकं ठरवून दाबलं, त्यांच्याच वारसांचं गाणं आज उलट बाजूने परकं ठरवलं जातंय. पहिल्याने सांगितलं, तुमचं गाणं पुरेसं ख्रिस्ती नाही. दुसरा सांगतो, पुरेसं भारतीय नाही. इन्क्विझिशनचा राग असेल, आणि तो असायलाच हवा, तर त्याने बंद पाडलेली ओवी पुन्हा गाण्याइतकं चोख उत्तर दुसरं नाही.

नाताळच्या गाण्यावर सर्वांत कडक बंदी घातली ती मात्र ख्रिस्ती लोकांनीच, हेही नोंदवून ठेवावं. इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रॉटेस्टंट, पार्लमेंटने 1647 साली हा सणच रद्द केला. कँटरबरीत त्यावरून दंगल झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला, तो 1681पर्यंत टिकला. त्यांचं कारण? हा सण बायबलात नाही, मूर्तिपूजकांकडून आलेला आहे, आपला नाही. वाक्यरचना ओळखीची वाटते का? आणि 1660 साली राजेशाही परत आली तेव्हा इंग्लंडमधला बंदीचा कायदा गेला. गाणी घराघरांत होतीच.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. इथे आपण आपल्याच घरातली एक वस्तू पुढ्यात घेऊ. हार्मोनियमचं पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅंने घेतलं. ती युरोपातून इथे आली, कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवण्याजोगी केली. तिच्यावरही परकेपणाचा खटला चालला. श्रुती दाखवत नाही, मींड घेता येत नाही, हे आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खरेच होते आणि आहेत. रवींद्रनाथांनासुद्धा ती नको होती. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली तिला स्टुडिओबंदी केली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रात काय घडलं? पेटीशिवाय एक कीर्तन उभं राहिलं नाही, एक भजनी मंडळ बसलं नाही. त्याच्याही आधी गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर लोक जीव टाकून होते, आणि संगीत नाटकाने तर तिची थोरली बहीण, पायाची ऑर्गन, रंगमंचाखाली कायमची बसवली. मिशनऱ्यांच्या प्रार्थनेतलं वाद्य ‘नमन नटवरा’ या नांदीला साथ करू लागलं आणि कुणालाही बाटल्यासारखं वाटलं नाही. मग स्वर चालतो आणि तारा, गोठा, मेंढपाळ हे शब्द चालत नाहीत, याला सांस्कृतिक निकष म्हणता येईल का?

असाच एक प्रसंग नाताळचा नव्हे, पण जवळचा. दिल्लीत 29 जानेवारीला प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारं बीटिंग रिट्रीट हे लष्करी बँडचं संचलन होतं, त्यात ‘अबाइड विथ मी’ ही हेन्री लाइट यांची प्रार्थना वाजत असे. गांधीजींची ती आवडती. 2022 साली ती वगळली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. कारण तेच: आपलं हवं. गाणं आपलं आहे यात शंका नाही, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला चाल दिली, तेव्हा अभिमान वाटायचाच तर मराठी माणसाला दुप्पट वाटावा. पण सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात कोण होतं ते पाहा. ट्रंपेट घेऊन चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो वाझ, होते. मुंबईच्या स्टुडिओंतले व्हायोलिन, सेलो, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे गोवेकर बहुसंख्येने चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही नावं त्यातलीच. लहानपणी प्रार्थनेच्या गाण्यांवर मेस्त्रीच्या, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाच्या, छडीखाली जे हात तयार झाले, त्यांनी पुढे हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला. एक गाणं काढून दुसरं बसवलं म्हणून त्या दोघांमधली नाळ कापली जात नाही.

पालकांची तिसरी तक्रार मला यापेक्षा खरी वाटते. इंग्रजी शाळेतल्या मुलाला दहा इंग्रजी बालगीतं येतात आणि एक अख्खा अभंग येत नाही, हे पाहून पोटात तुटतं. त्यात डिसेंबरात लाल टोपी. राग टोपीवर निघतो. पण आषाढी एकादशीला काय होतं? हल्ली पुष्कळ इंग्रजी शाळांत दिंडी निघते. धोतर, फेटे, टाळ, छोटी तुळशीवृंदावनं, फोटो. विठ्ठलालाही तीच वागणूक मिळते जी सांताक्लॉजला: दोघेही भाड्याच्या कपड्यांत येतात आणि संध्याकाळी दुकानात परत जातात. ‘सुंदर ते ध्यान’ची दोन कडवी स्पीकरवर वाजतात, मुलं ओठ हलवतात. तेव्हा कॅरोलने, म्हणजे नाताळच्या गाण्याने, अभंगाची जागा बळकावली हे खरं नाही. दोघांचीही जागा वेशभूषेच्या स्पर्धेने घेतली. यावर औषध सांताला हाकलणं हे कसं? मुलांच्या गळ्यातून काहीतरी प्रत्यक्ष गाऊन घेणं हे औषध आहे, आणि ते काम आषाढात जितकं करायला हवं तितकंच डिसेंबरात.

सक्तीचा मुद्दा थोडक्यात. मूल नको म्हणालं तर त्याला गायला लावू नये, आणि यासाठी संस्कृतीच्या नावाने गळा काढायची गरज नाही, राज्यघटना आहे. कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेत बसवता येत नाही. 1986 सालच्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहून गप्प राहण्याचा हक्कही मान्य केला. गाण्याच्या तासाला ओवी शिकवणं आणि प्रार्थनेला बसवणं यांत फरक आहे. शिक्षकाला तो कळतो, न कळला तर समजावून सांगता येतो.

आता दुसऱ्या बाजूचे माझे मित्र. संगीताला धर्म नसतो हे त्यांचं आवडतं वाक्य खोटं आहे, आणि खोट्या वाक्यावर बाजू उभी करू नये. टिळकांच्या भजनाला धर्म आहे, ठसठशीत आहे. तुकोबांच्या अभंगालाही आहे. नगरच्याच श्रीगोंद्यात सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला; ‘शेख महंमद अविंध (म्हणजे मुसलमान), त्याचे हृदयीं गोविंद’ हे ते स्वतःबद्दल सांगतात तेव्हा त्यांना आपला जन्मधर्मही लपवायचा नसतो आणि भक्तीही. धर्म वजा केला म्हणून त्यांचं आपण ऐकलं असं झालं नाही. धर्मासकट ऐकलं, कारण ते आपल्या भाषेत, आपल्या वृत्तात बोलत होते. श्रोत्याने भक्त व्हायलाच हवं अशी अट मराठी परंपरेने कधी घातली नाही. नास्तिक माणूसही भीमसेनांच्या ‘अभंगवाणी’ला तिकीट काढून जातो आणि डोळे पुसत बाहेर येतो. उदारपणा दाखवायचा म्हणून इंग्रजी कॅरोल लावणारे हे मित्र मराठी ख्रिस्ती भजन मात्र लावत नाहीत. ते त्यांना जरा गावठी वाटतं, असा मला दाट संशय आहे. धर्म सहन होतो, ढोलकी होत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री कशाला असं विचारणारे निघाले. दिब्रिटोंनी बायबल मराठीत आणलेलं, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवलेलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेले. त्या वसईत सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांतली बोली मराठीच्या इतक्या जुन्या थरातली आहे की पुण्याच्या माणसाला ती कान देऊन ऐकावी लागते. तिथल्या बायकांनी त्या बोलीत जपलेली लग्नाची गाणी चर्चच्या आवारातच गायली जातात. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, गाणारे तिथेच राहिले.

यात दोष एकट्या हिंदू पालकांचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. मराठीत उपासना आली, मराठी गायनवृंद तयार झाले, चांगल्या चाली झाल्या. पण ख्रिस्ती संस्थांच्याच इंग्रजी शाळांत नाताळच्या कार्यक्रमाला पाहुणे बोलावले की रंगमंचावर येतात ती इंग्रजी कॅरोल, आणि मराठी भजन रविवारच्या सकाळसाठी राखून ठेवलं जातं, जणू ते घरचं साधं जेवण. ज्याने स्वतःच आपलं गाणं चारचौघांत कधी म्हटलं नाही, त्याने शेजाऱ्याला ते माहीत नाही म्हणून किती रुसावं? ‘सायलेंट नाइट’ आज जगभर गायलं जातं, पण 1818 साली ऑस्ट्रियाच्या ओबर्नडॉर्फ गावात योसेफ मोर आणि फ्रान्स ग्रुबर यांनी ते पहिल्यांदा म्हटलं ते लॅटिनमध्ये नाही, गावकऱ्यांना कळणाऱ्या जर्मनमध्ये, गिटारच्या साथीवर.

तेव्हा यंदा कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंना एवढंच सुचवेन. क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागातल्या जन्मकथेतून आठ-दहा ओव्या निवडायला एक दुपार पुरते. भाषा जुनी आहे, अडेल, पण ज्ञानेश्वरीपेक्षा सोपी जाते. चाल शोधायला नको, ओवी कशी म्हणतात ते वर्गातल्या निम्म्या आज्यांना ठाऊक असतं. एखादीला बोलावून घ्यावं, ती कोणत्या धर्माची आहे ते विचारू नये. पेटी शाळेत असतेच. टोप्यांचं आणि साउंड सिस्टिमचं भाडं वाचेल ते वेगळंच.